ओळंब्यात नसलेलं घर

"गुत्त्यात आणलंस का गं आम्हाला?" आईने गाडीत बसूनच विचारलं. सीटबेल्ट सोडायची काही चिन्हं दिसेनात.

२०१४चा जून होता. आई-बाबा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. मी वुल्व्हरहॅम्प्टनजवळ फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे सुट्टी मिळेल तसं फिरणं चाललेलं. लंडन झालं, बाथ झालं. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या घरासमोर उभं राहून बाबा म्हणाले, "लाकूडकाम चांगलंय," आणि आत न जाता बाकावर जाऊन बसले. बाबा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं उजनीच्या कामावर गेली. कुठलीही इमारत दिसली की आधी एक डोळा मिटून कोपरा बघायचा, मग बाकीचं. लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, माझ्या सासरी मुलगी द्यायच्या आधी सासरच्या भिंतीसुद्धा त्यांनी तशाच पाहिल्या होत्या. अशा माणसाला या भागात दाखवण्यासारखं एकच घर होतं, आणि ते नेमकं पब निघालं. त्याला माझा इलाज नव्हता.

हिमली हे स्टॅफर्डशायरमधलं गाव. तिथून डडलीच्या बाजूला येताना मुख्य रस्त्यावरून एक अरुंद वाट आत वळते, दोन्हीकडे झाडी. वाटेच्या शेवटी काय आहे याचा अंदाज येत नाही. मग एकदम ते घर समोर येतं. लाल विटांचं, दुमजली, साधंसुधं. बसलेल्या माणसाची एका बाजूने मांडी मोडावी तसं एका अंगावर खचलेलं. खिडक्यांच्या चौकटी तिरक्या, दार तिरकं, विटांचे थर सगळे एका दिशेला उतरत गेलेले. खचलेल्या टोकाला विटांचे जाडजूड धिरे दिलेले आणि भिंतीवर लोखंडी गजांच्या चकत्या. नाव, क्रुकेड हाऊस.

बाबा गाडीतून उतरले. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला.

"हे असंच आहे?"

"असंच."

"आणि लोक आत बसलेत?"

"जेवतायत."

हे ऐकून आई उतरली. मात्र कारण जेवण नव्हतं, तिला स्वच्छतागृह हवं होतं.

या घराची गोष्ट तशी कोळशाची आहे. १७६५ साली ते शेतकऱ्याचं घर म्हणून बांधलं गेलं, तेव्हा अर्थात सरळच होतं. खाली मात्र दक्षिण स्टॅफर्डशायरचा कोळसा होता, आणि कोळसा म्हणजे किती, तर इथल्या सर्वांत जाड थराला लोक 'दहा यार्डी' म्हणत. तीस फूट जाडीचा एकसंध थर. तीन मजली इमारत उभी राहील एवढी उंची जमिनीखालून काढून घेतली, तर वरच्या जमिनीने काय करावं? ती बसते. एकोणिसाव्या शतकात या सगळ्या टापूत घरं बसली, रस्ते बसले. धूर आणि काजळी इतकी की त्यावरूनच या भागाचं नाव 'ब्लॅक कंट्री' पडलं, असं म्हणतात. या घराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे चार फूट खाली गेलं. बाकीची घरं पाडून लोकांनी नवी बांधली, हे राहिलं.

ते राहिलं त्याचं कारण, माझ्या मते, बिअर. १८३०च्या सुमाराला इथे पब सुरू झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बिअरहाऊसचा कायदा आला होता. जिनपायी देश बुडतोय म्हणून सरकारने बिअर सोपी केली. कर भरणाऱ्या कुणीही दोन गिनी मोजाव्यात, परवाना घ्यावा आणि आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत बिअर विकायला बसावं. न्यायाधीशासमोर जायची भानगड नाही. बघता बघता देशभर अशी हजारो घरं उघडली. 'पब्लिक हाऊस' या शब्दातलं 'हाऊस' तिथे शब्दशः खरं होतं. कुणाची तरी ओसरीच ती, फक्त पिंपं ठेवलेली. खेड्यातले जुने पब आतून घरासारखे का वाटतात, छत इतकं बुटकं का, स्वयंपाकघरातली चूल दिवाणखान्यात का, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी हेच आहे.

इथे येणारे बरेचसे खाणकामगार. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर ज्यांनी या भागाखालचा कोळसा काढला, तेच संध्याकाळी वर येऊन या कलत्या टेबलांशी बसायचे. आपणच पोखरलेल्या जमिनीवर. त्यांना त्यात काही नवल वाटत असेल असं मला वाटत नाही. त्यांनी घराला नाव दिलं 'सायडन हाऊस'. इथल्या बोलीत सायडन म्हणजे वाकडं. संपलं. पुढे जमिनीचे मालक सर स्टीफन ग्लिन यांच्यावरून पाटी लागली 'ग्लिन आर्म्स', आणि क्रुकेड हाऊस हे अधिकृत नाव तर फार नंतरचं.

हे ग्लिनसाहेबही मजेदार प्रकरण. त्यांची बहीण कॅथरिन म्हणजे विल्यम ग्लॅडस्टनची बायको. याच परिसरातल्या त्यांच्या जमिनीवर ओक फार्म नावाचा लोखंडाचा कारखाना निघाला. कोळसा आपला, लोखंड आपलं, मग पैसाही आपलाच, असा हिशेब. १८४७ मध्ये तो साफ बुडाला आणि ग्लिन घराण्याला घेऊन बुडाला. मेव्हण्याची ती इस्टेट सावरण्यात पुढे पंतप्रधान होणाऱ्या ग्लॅडस्टनची वर्षं गेली. जमिनीखालचं काढून श्रीमंत व्हायला निघालेल्या माणसाचं नाव, जमीन काढून घेतल्यामुळे वाकड्या झालेल्या घरावर लागावं! आणि शेवट असा की ग्लॅडस्टन सरकारने १८७२ मध्ये पबांच्या वेळांना चाप लावणारा कायदा आणला, १८७४ची निवडणूक ते हरले, आणि त्यांनी भावाला लिहिलं की आम्ही जिन आणि बिअरच्या लोंढ्यात वाहून गेलो.

आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा हात भिंतीकडे जातो. माझा गेला, आईचा गेला. बाबांनी मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, साइटवर असायचे तसे. बारमागच्या बाईने मान वर करून विचारलं, "ऑलराइट, बॅब?"

बाबा माझ्याकडे वळले. "हिला कसं कळलं?"

"काय?"

"मी तुझा बाबा आहे ते."

'बॅब' हे इकडचं 'बाळा'. बर्मिंगहॅमच्या आसपास तिकिटं विकणाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीही कुणालाही म्हणतं. हे समजावून सांगितल्यावर पासष्ट वर्षांच्या बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग पुढचा तासभर तिने त्यांना बॅब म्हणावं आणि त्यांनी ऐटीत मान हलवावी, असं चाललं.

आईने सोडा-लिंबू घेतलं. तिच्या डोक्यातला गुत्ता म्हणजे बार्शीच्या स्टँडमागचा, आत अंधार आणि बाहेर बायका नवऱ्याची वाट बघत उभ्या. इथे शेजारच्या टेबलावर आजी, नातू आणि टेबलाखाली कुत्रा. ती बराच वेळ कुत्र्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरंय," आणि चिप्स मागवल्या.

बाबांना खायचं नव्हतं. त्यांना दोरा हवा होता. आईच्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच. मी माझी किल्ली काढून दिली. बाबांनी दोऱ्याला किल्ली बांधली, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दोरा अंगठ्याने दाबून धरला आणि किल्ली खाली सोडली. ओळंबा. गवंड्याची सगळी विद्या त्या एका दोऱ्यात असते, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. किल्ली हेलकावली, थांबली. वर दोरा चौकटीला चिकटलेला, आणि खाली किल्ली चौकटीपासून हातभर लांब.

पण गंमत वेगळीच होती. आम्हा तिघांनाही चौकट सरळ वाटत होती आणि दोरा तिरका.

बाबांनी किल्ली पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली. ओळंबा खोटं बोलतोय असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असणार. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर तेही कललेलं. प्रत्यक्षात तेच सरळ होतं. छताला टांगलेलं जे जे काही होतं ते सगळं वेड्यासारखं एका बाजूला ओढल्यासारखं.

इथे माझा विषय येतो. आपण सरळ उभे आहोत की नाही हे मेंदूला तीन जण सांगतात. कानाच्या आतले तोल सांभाळणारे भाग, पावलं-घोट्यांमधल्या संवेदना आणि डोळे. डोळे उभ्या भिंतींचा आधार घेतात, कारण आयुष्यभर भिंती सरळच असतात. इथे भिंत खोटं बोलते. डोळे म्हणतात सगळं नीट आहे, कान म्हणतो तू तिरकी उभी आहेस. त्या भांडणातून जे होतं त्याला लोक 'न पिता चढणं' म्हणतात. तोल गेलेल्या रुग्णांना मी रोज शिकवते की समोरच्या दाराच्या कडेवर नजर ठेवा. या घरात ती शिकवण माणसाला पाडेल.

मग त्या बाईने गोटी आणून दिली. खिडकीच्या कडेवर खालच्या टोकाला ठेवायची. गोटी थोडी थबकते आणि चढावर चालू लागते. शेजारच्या टेबलावरचा नातू ओरडला. बाबा खाली वाकले, गाल कडेला टेकवून बघू लागले. चढ खोटा असतो. ती कड खरं तर उतरतीच, पण आजूबाजूचं सगळं तिच्याहून जास्त कललेलं, म्हणून ती चढती भासते. बाबांनी सहा वेळा गोटी सोडली. सातव्यांदा ती बाई म्हणाली, ठेव तुझ्याकडेच, बॅब.

घरी आल्यावर त्यांनी हिशेब मांडला, पबातून आणलेल्या कागदी रुमालावर. "चार फूट खचलंय म्हणतेस आणि पंधरा अंश कललंय म्हणतेस. दोन्ही धरलं तर घराची लांबी साडेपंधरा फूट येते. एवढ्यात जिना तरी मावेल का? घर त्याच्या कितीतरी जास्त आहे." मी म्हटलं, सगळीकडे तसंच छापतात. "छापू देत. सगळं घर एकसारखं कललेलं नाही. ते टोक जास्त गेलंय, बाकीचं त्याच्यामागे ओढलं गेलंय." नंतर मी पिसाचा मनोरा शोधून दाखवला, सुमारे चार अंश. काशीला मणिकर्णिकेजवळचं रत्नेश्वराचं देऊळ त्यांनी स्वतः पाहिलेलं, ते नऊच्या आसपास. "मग हे घर दोन नंबरचं तरी नक्की," बाबा म्हणाले. पहिलं कुठलं हे त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या वेळी मी तिथे एका सहकाऱ्याबरोबर गेले. तो बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकचा, वडील जालंधरकडून येऊन इथल्या ओतशाळेत लागलेले. तो म्हणाला, पबाचा नकाशा कसा वाचायचा ते तुला माहीत नाही. जुन्या पबात एक साधी खोली असायची, फरशीची, कामगारांची. तिला बार म्हणत. दुसरी गालिच्याची, स्मोक रूम किंवा लाउंज. तिथे तीच बिअर थोडी महाग. मधे फक्त एक लाकडी पडदी. साठच्या दशकात स्मेदिकमधल्या काही पबांत हिंदुस्थानी माणसाला बारमध्ये ग्लास मिळायचा, पडदीपलीकडे नाही. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकच्या मार्शल स्ट्रीटवर येऊन गेले, तेव्हा ब्लू गेट्स नावाच्या पबात स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. त्यांना तिथे नेणारे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक होते. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षअखेरीस सार्वजनिक जागी असा भेद करणं कायद्याने बंद झालं. आता त्याच पट्ट्यात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत, बिअरबरोबर तंदुरी मिक्स्ड ग्रिल मिळतं, आणि गोरे लोक त्यासाठी लांबून येतात. सहकारी म्हणाला, "पडदी तेवढी बहुतेकांनी काढून टाकली." तेव्हापासून कुठल्याही जुन्या पबात गेले की मी छताकडे बघते. पडदी काढली तरी छतावर तिची रेघ राहते.

क्रुकेड हाऊस १९४०च्या दशकात एकदा जवळजवळ गेलंच होतं. धोकादायक ठरवून पाडायचं ठरलं. वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली ब्रुअरीजने ते घेतलं, धिरे उभारले, गर्डर घातले, आणि घर होतं त्या कलावर धरून ठेवलं. सरळ केलं नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. धंद्याचं शहाणपण म्हणा हवं तर.

२०२३च्या जुलैमध्ये ते विकलं गेलं. ५ ऑगस्टच्या शनिवारी रात्री आग लागली. अग्निशामक गाड्यांना त्या अरुंद वाटेवर मातीचे ढिगारे आडवे आले. आतलं सगळं जळलं, पण भिंती उभ्या होत्या. सोमवारी, ७ तारखेला, त्या यंत्राने भुईसपाट केल्या गेल्या. कौन्सिलचं म्हणणं, आम्ही सुरक्षेसाठी वरच्या मजल्याचा थोडा भाग उतरवायला सांगितला होता, घर पाडायला नव्हे. पोलिसांनी आग लावल्याच्या संशयावरून तपास सुरू केला. त्या घराला वारशाच्या यादीतलं संरक्षण नव्हतं. तशी मागणी करणारा अर्ज आगीच्या काही दिवस आधीच गेला होता.

मी त्या आठवड्यात गेले. वाट बंद होती. तोंडाशी लोक उभे होते, काहीजण फुलं घेऊन. घरासाठी फुलं आणलेली मी पहिल्यांदाच पाहिली. एक म्हातारा कुणाशीच न बोलता उभा होता. शरीर नकळत डाव्या पायावर रेललेलं. नितंबाचा सांधा असणार, पण त्या दिवशी मला ते तसं दिसलं नाही.

बाबांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग, "धिरे पण पाडले?"

"सगळं."

"धिरे कशाला पाडायचे."

फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ स्टॅफर्डशायर कौन्सिलने मालकांना नोटीस दिली. तीन वर्षांच्या आत, आगीच्या आधी जसं होतं तसं पुन्हा बांधा. मालकांनी त्यावर अपील केलं. असं आधी झालेलं आहे. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्ल्टन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला, तेव्हा वीट अन् वीट तशीच लावा असा आदेश निघाला, आणि २०२१ मध्ये तो खरंच पुन्हा उघडला. पण कार्ल्टन टॅव्हर्न सरळ होता.

मी बाबांना विचारलं, वाकडं घर मुद्दाम बांधता येतं का? मला वाटलं हसतील. त्यांनी दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एक लांब फळी, एका कडेने तासून निमुळती केलेली. धरणाच्या भिंतीला उतार असतो, त्याला ते बॅटर म्हणतात. उजनीला प्रत्येक उताराची फळी सुताराकडून करून घेतलेली असायची. फळीची तिरकी कड भिंतीला लावायची, दुसऱ्या कडेवर ओळंबा धरायचा. दोरा कडेबरोबर आला की भिंत हवी तेवढी तिरकी. "म्हणजे वाकडं बांधायलाही ओळंबाच लागतो," ते फोनवर म्हणाले, आणि लगेच, "पण अर्धंच घर होईल. एका बाजूची भिंत रेलते, ती मी बांधीन. समोरची लोंबते. दहा फूट उंचीला माथा पावणेतीन फूट बाहेर. ती नुसत्या विटेत उभी राहायची नाही, आत लोखंड घालावं लागेल. जुनी राहिली कारण सगळं घर एकदम गेलं, वीट विटेला सोडून गेली नाही."

"मग लोखंड घालतील."

"घालतील. पण मग ते जमिनीने वाकवलेलं नाही, इंजिनिअरने वाकवलेलं. नाटक झालं ते."

इथे मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, चाळीसच्या दशकातले गर्डर पण नाटकच होते की. तेव्हापासून जमीन ते घर धरत नव्हती, माणसं धरत होती. बाबा म्हणाले, धरणं वेगळं, करणं वेगळं. मी म्हटलं, कसं वेगळं? त्यांनी आईला फोन दिला.

आमचं बार्शीचं घर काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून दर मे महिन्यात एक चीर निघते, बाबा ती भरतात, आणि पाऊस झाला की भरलेलं फुगून बाहेर येतं. ओव्हरसियरच्या घराला चीर, यावर आई तीस वर्षं बोलत आली आहे. बाबा म्हणतात चीर चालेल, घर ओळंब्यात आहे.

परवा रात्री त्यांचा फोन आला. तिकडे साडेअकरा वाजले होते, आई झोपली होती. आवाज हळू.

"ती गोटी आहे ना, त्या बाईने दिलेली?"

"हो."

"स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून बघितली."

"मग?"

"खिडकीकडे गेली."

"किती?"

"पार टोकापर्यंत," बाबा म्हणाले. "आईला सांगू नकोस."